टेलिग्रामची फाइल की महिन्याची वर्गणी? इंदूरच्या मराठी घरासाठी एक तुलना

पुण्या-मुंबईला नवा मराठी सिनेमा आला की आज जायचं की रविवारी, एवढाच प्रश्न असतो. इंदुरात आधी विचारावं लागतं, लागलाय का? मग कुठे, आणि किती वाजता? बरेचदा कळतं की शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये सकाळचा एकच शो आहे. सुदामानगरातून आईला घेऊन तिकडे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मग रविवारी दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक लिंक टाकतं, खाली ‘क्लियर प्रिंट’ असं लिहितं आणि विषय तिथेच मिटतो.

ती लिंक टेलिग्रामवरच्या चोरट्या फाइलीची असते. तिच्यावर बोट टेकवण्याआधी जरा थांबून, त्यापेक्षा ॲपची वर्गणी भरावी का असा विचार करणाऱ्यांसाठी ही तुलना आहे. टेलिग्राम म्हणजे काय, कुठल्या ॲपवर चित्र किती स्पष्ट दिसतं, हे सांगत बसत नाही. ते घरातल्या शाळकरी पोरालाही आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी फाइलीही भरपूर पाहिल्या आहेत आणि वर्गण्याही भरपूर भरल्या आहेत. आमच्या घरात काय ठरलं ते शेवटी येईलच, पण तुमच्या घरची माणसं वेगळी, तेव्हा गणितही थोडं वेगळं निघू शकतं.

सुरुवात फाइलीपासून करतो, कारण तिची बाजू खरंच भक्कम आहे आणि ती नाकारून कोणी शहाणं होत नाही.

फाइल फुकट असते ही तिची खरी ताकद नव्हेच. सगळं एका जागी मिळतं ही खरी ताकद. सिनेमाचं नाव देवनागरीत टाका, रोमनमध्ये टाका, अर्धवट टाका, काहीतरी सापडतंच. परवा लागलेला सापडतो आणि वडिलांच्या जमान्यातला, कुठल्याच ॲपवर नसलेला, तोही सापडतो. कुठल्या कंपनीकडे कशाचे हक्क आहेत याच्याशी बघणाऱ्याला घेणं-देणं नसतं आणि फाइल ते विचारतही नाही. टेलिग्रामवर साध्या खात्याला दोन जीबीपर्यंतची फाइल चालते, म्हणून पूर्ण सिनेमा आवळून त्या आत बसवलेला असतो. एकदा उतरवला की पेन ड्राइव्हवर घ्या, दहा वर्षं जुन्या टीव्हीला लावा, अवंतिका एक्सप्रेसमध्ये रतलामच्या पुढे नेटवर्क गेलं तरी बघत बसा. ओटीपी नाही, पासवर्ड नाही, मधेच गोल गोल फिरणारं चक्र नाही.

त्यात आपल्या गावाला ही सवय काही आज लागलेली नाही. जेल रोडवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानांच्या आधी सीडींच्या थप्प्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत सीडी, त्यावर पुसट झेरॉक्सचं चित्र, आणि ‘नहीं चली तो बदल दूँगा’ ही एवढीच गॅरंटी. त्याला पहिला खरा धक्का पोलिसांनी दिलेला मला आठवत नाही. तो मोझर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीने दिला. २००७ च्या सुमारास त्यांनी अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली आणि चोरट्या सीडीची किंमत आणि खऱ्या सीडीची किंमत जवळजवळ एक झाली. किराण्याच्या दुकानातही ती टांगलेली असायची. खरी वस्तू स्वस्त असली आणि हाताशी मिळाली तर लोक चोरटी घेत नाहीत, हे तेव्हा आम्ही सगळ्यांनी बघितलं. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला आणि सीडीच गेली. खऱ्याबरोबर खोटीही.

आता वर्गणीची बाजू, आणि इथे मी तिची वकिली करणार नाही.

मराठी सिनेमे एका ॲपवर नाहीत. काही झी फाइव्हवर, काही प्राइमवर, स्टार प्रवाहवाल्यांचे जिओ-हॉटस्टारवर, काही फक्त मराठीपुरत्या निघालेल्या अल्ट्रा झकाससारख्या ॲपवर. सगळ्या घ्यायच्या म्हटल्या तर वर्षाचा आकडा पेन्शनर माणसाच्या भुवया वर नेणारा होतो. पैसे भरूनही जाहिराती दिसतात, प्राइमनेसुद्धा २०२५ च्या जूनपासून भारतात त्या सुरू केल्या. जाहिराती नको असतील तर आणखी पैसे. मागच्या महिन्यात यादीत ठेवलेला सिनेमा या महिन्यात गायब असतो, कुठे गेला ते कोणी सांगत नाही. एका ॲपने तर आईचा अर्धा बघून झालेला सिनेमा मध्येच काढून घेतला. ती दोन दिवस विचारत होती की त्या मुलीचं पुढे काय झालं. लॉगिनचा ओटीपी बेंगळुरूला असलेल्या धाकट्या मुलाच्या फोनवर जातो, तो मीटिंगमध्ये असतो, आणि इकडे चहा गार होतो.

म्हणजे सोयीच्या परीक्षेत फाइल पुढे आहे. असं असताना वर्गणी कशाला भरायची?

‘कायदा आहे ना’ हे उत्तर लगेच सुचतं, पण त्याने कोणाचं मन वळलेलं मी पाहिलेलं नाही. कायदा आहेच. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरमधलं चोरटं रेकॉर्डिंग आणि ते दाखवणं हा वेगळा गुन्हा झाला. कमीत कमी तीन महिने ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्राने तर २००९ सालीच व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना झोपडपट्टीदादांच्या रांगेत, गुंडांना स्थानबद्ध करणाऱ्या एमपीडीए कायद्याखाली आणून बसवलं. पण हे सगळं बनवणाऱ्या आणि वाटणाऱ्यांसाठी. नुसतं बघणारा गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं. तेव्हा पोलिसांची भीती दाखवण्यात अर्थ नाही. ग्रुपवर लिंक पुढे ढकलणाऱ्या भाच्याने मात्र ‘वाटणारा’ या शब्दात आपण येतो का, याचा विचार करावा. आमचा करत नाही.

दुसरं उत्तर आकड्यांचं. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन यांचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२३ मध्ये भारतातल्या पायरसीचा धंदा २२,४०० कोटींचा होता. त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधल्या सिनेमांचे, ८,७०० कोटी ओटीटीवरच्या मालाचे. सिनेमे-मालिका बघणाऱ्यांतले ५१ टक्के लोक चोरटं बघतात. वाचायला जबरदस्त आहे, पण खरं सांगू का, मला हे आकडे थोडे फुगीर वाटतात. फाइल बघणारा प्रत्येक जण एरवी तिकीट काढून गेलाच असता असं कसं धरायचं? माझ्या ओळखीतले निम्मे लोक फाइल मिळाली नसती तर काहीच न बघता झोपले असते. आणि मोठ्या सिनेमाला फाइलीने काही होत नाही, हेही लोक बरोबर बोलतात. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला तेव्हा तो गावोगावच्या फोनांत फिरत होता, तरी तो शंभर कोटींच्या पुढे गेला, मराठीत पहिल्यांदाच.

पण मोठ्यांचं जे चालतं ते लहानांना पेलतंच असं नाही. आणि इंदुरात मराठी सिनेमा कायमच लहान असतो, मुंबईत तो कितीही मोठा असला तरी.

याचं गणित जरा जवळून बघा. वितरणाच्या नकाशात इंदूर सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया सर्किटमध्ये येतं. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमाला पडदा द्यायचं सरकारी बंधन आहे. ते बंधन बुऱ्हाणपूरच्या अलीकडे येत नाही. इथे मराठी सिनेमा लागतो तो फक्त कोणालातरी वाटलं म्हणून की शनिवार-रविवारी चार रांगा भरतील. शुक्रवारी एक शो मिळतो. शनिवारी-रविवारी तो किती भरला हे बघून सोमवारी ठरतं की राहणार की जाणार. जागा रिकामी झाली की हिंदी किंवा डब झालेला दाक्षिणात्य सिनेमा वाट बघतच असतो.

आता फाइल कधी येते? शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी. बरोबर त्याच दोन दिवसांवर तिचा घाला पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने तक्रार घ्यायला नोडल अधिकारी नेमले. त्यांच्या आदेशावर ४८ तासांत मजकूर काढला जावा अशी व्यवस्था आहे. चांगली आहे, पण शुक्रवारी रात्री तक्रार गेली तर ४८ तास म्हणजे रविवारची रात्र. इंदूरच्या शोचा निकाल तोवर लागलेला असतो. दिल्ली उच्च न्यायालय २०१९ पासून नवनव्या नावांनी उगवणाऱ्या साइटांना एकाच आदेशात धरतं, तेही एका अर्थी रविवारनंतरचंच औषध. डिजिटल प्रतीत अदृश्य खूण असते, तिच्यावरून कुठल्या पडद्यावर, किती वाजता चोरी झाली हे शोधता येतं. चोर सापडतो. शो परत येत नाही.

पैशाचंही सांगून टाकतो. दोनशे रुपयांच्या तिकिटात १८ टक्के जीएसटी आहे, तो वजा जाता १७० च्या आसपास उरतात. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं २००९ चं भांडण मिटलं तेव्हा हिंदीसाठी जो हिशेब ठरला त्यात पहिल्या आठवड्याला निम्मे निर्माता-वितरकाकडे, दुसऱ्याला ४२.५ टक्के, तिसऱ्याला ३७.५, चौथ्याला ३०. मराठीचे सौदे आपापले ठरतात, पण साधारण कल तोच की पहिल्या आठवड्यात निर्मात्याला सगळ्यात जास्त मिळतं. म्हणजे पहिल्या रविवारी गेलेलं एक तिकीट हे नुसतं एक तिकीट नसतं. त्यातले ८०-८५ रुपये त्याचे बुडतात आणि आपला पुढच्या आठवड्याचा शो बुडतो. मुंबईत फाइलीचा फटका निर्मात्याला बसतो. इंदुरात तो निर्मात्याला जेमतेम जाणवत असेल, कारण त्याच्या हिशेबात इंदूर तळटीपेत आहे. इथला फटका आपल्याला बसतो. हे मी मोजलेलं नाही, माझ्याकडे कुठल्या थिएटरचं रजिस्टर नाही. पण ज्या आठवड्यात ग्रुपवर लिंक लवकर येते त्या आठवड्यात सोमवारी बुकिंगच्या ॲपवर सिनेमाचं नाव दिसत नाही, एवढं मी पुष्कळदा बघितलंय. योगायोगही असेल.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हे सगळं पटतं, पण माझ्या एका क्लिकने काय होणार आहे. बरोबर आहे. मलाही त्या युक्तिवादाने फाइल सोडावीशी वाटली नव्हती. आमच्या घरात ती सुटली ती सबटायटलपायी.

आमची सून उज्जैनची. माहेरी माळवी आणि हिंदी. मराठी तिला कळतं, स्वयंपाकघरातलं आणि लग्नकार्यातलं पूर्ण कळतं, पण सिनेमातलं कोल्हापुरी किंवा मालवणी कळत नाही. ते काय, माझ्या मुलालाही धड कळत नाही. इंदुरी मराठी ऐकून वाढलेल्या पोराला ‘काय करून राहिला’ सरळ वाटतं आणि सातारचा नायक बोलायला लागला की तो आजीकडे बघतो. तेव्हा खाली इंग्रजी ओळी हव्यात, एवढी साधी गरज. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या बहुतेक मराठी घरांत आता असं एखादं माणूस आहेच.

फाइलीत एकतर सबटायटल नसतात, कारण ती आवळताना पहिला बळी त्यांचाच जातो. भाचा मग कुठूनतरी त्यांची वेगळी फाइल आणतो. लावली की अगदी सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग सून हसते. आम्ही हसत नाही, कारण विनोद अजून झालेला नाही. आई तिच्याकडे बघते. सेकंदाभराने आम्ही हसतो, तोवर ती पुढची ओळ वाचत असते. अर्ध्या तासाने हे अंतर वाढतं. पडद्यावर बाप मुलाला घराबाहेर काढतोय आणि खाली ओळ येते की बस, चहा घे.

याचं कारण मला पुढे कळलं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडच्या टीव्हीची प्रत २५ ने. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीवर कोणी सबटायटल बसवल्या असतील आणि तुमची फाइल २४ वाली असेल तर ओळी थोड्या थोड्या करत पुढे पळतात. दोन तासांच्या सिनेमात शेवटाला येईतो हे अंतर पाच मिनिटांवर जातं. मुलगा लॅपटॉप टीव्हीला जोडून जमिनीवर बसायचा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच दाबत ओळी मागेपुढे सरकवायचा. ती कळ ठरावीक अंतर सरकवते, वाढत जाणारं अंतर तिला आवरत नाही. त्यामुळे दर मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा जी, पुन्हा एच. टीव्ही चॅनेलने जाहिरातीसाठी कुठे चार वाक्यं कापलेली असली की तिथून पुढे सगळंच निराळं. एक दिवस सुनेने आपणहून सांगितलं, ‘बाबा, तुम्ही बघा, मी नंतर बघते.’ आणि ती आत जाऊन फोनवर हिंदी मालिका लावून बसली.

त्या दिवशी मला फाइलीचा कंटाळा आला. घरात पाच माणसं, एक टीव्ही, आणि मराठी सिनेमाला चौघंच. तिला मराठी सिनेमा दाखवावा म्हणून तर आपण तो लावतो. तिच्यासाठी नाही तर कोणासाठी? आम्ही तर काय, नाटकं बघूनच म्हातारे झालो.

जाणकार लगेच म्हणतील, ओटीटीवरून उचललेल्या फाइलीत सबटायटल आत असतात आणि बरोबर असतात. हो, बऱ्याच असतात. पण ती फाइल येते केव्हा? सिनेमा ओटीटीवर आल्यावर. तोवर तो रीतसर बघायची सोय झालेलीच असते. त्याआधीच्या ज्या फाइलीसाठी आपण घाई करतो ती थिएटरात कॅमेरा लावून काढलेली. तिच्यात सबटायटल सोडा, संवादच विहिरीतून आल्यासारखे येतात. वर उजव्या कोपऱ्यात सट्ट्याच्या ॲपची पट्टी छापलेली, आणि काही प्रतींत तर ऐन प्रसंगात एक बाई मोठ्या आवाजात बोनसची जाहिरात करून जाते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. फाइलीत छापलेल्या पट्टीला तो कायदा कसा कळणार? फुकटच्या सिनेमाचे पैसे नक्की कोण भरतं हे त्या पट्टीत स्पष्ट लिहिलेलं असतं, हा त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा म्हणायचा.

चोरी दर वेळी थिएटरातच होते असंही नाही बरं का. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या आधीच बाहेर आला तेव्हा त्याच्यावर ‘फॉर सेन्सर’ अशी खूण होती. कुठल्या हातातून काय निसटेल सांगता येत नाही. पण आपल्या लहान मराठी सिनेमाच्या नशिबी बहुधा कॅमेरावालाच येतो.

वर्गणीच्या ॲपवर मराठी सिनेमाला इंग्रजी सबटायटल जवळजवळ नेहमी मिळतात आणि त्या पळत नाहीत. अक्षर मोठं करता येतं. माझ्या चष्म्यालाही ते बरं. हिंदी सबटायटल क्वचितच दिसतात. त्या दिल्या तर या कंपन्यांना मध्य प्रदेशातून कितीतरी मराठी घरं मिळतील, पण आमचं कोण ऐकतं. भाषांतर काही वेळा विनोदी असतं, तरी वेळेवर येतं. सून आता आमच्याबरोबर हसते, आणि कधीकधी आईला विचारते की हे असं खरंच करायचे का तुमच्याकडे. मग सिनेमा थांबवून वीस मिनिटं नाशिकच्या वाड्याच्या गप्पा. ते मला फुकटच्या फाइलीपेक्षा स्वस्त वाटतं.

फाइल कोणी निवडावी असं विचाराल तर माझं प्रामाणिक मत असं की जुन्या, कुठेच न मिळणाऱ्या सिनेमांसाठी लोक तिकडेच वळणार आणि त्याला हक्कदारच जबाबदार आहेत. पण आधी युट्यूब बघा. कित्येक जुने मराठी सिनेमे हक्कदार कंपन्यांनीच तिथे अख्खे ठेवले आहेत, जाहिरातींसकट आणि फुकट. त्याच ईवायच्या अहवालात चोरटं बघणाऱ्यांतले ६४ टक्के म्हणतात की जाहिरातींसह फुकट मिळालं तर आम्ही रीतसर बघू. हा एक आकडा मला अजिबात फुगीर वाटत नाही. घरात सगळ्यांना मराठी नीट येत असेल, कान तरुण असतील आणि कोपऱ्यातली पट्टी खुपत नसेल, तर तुम्हाला फाइलीची अडचण माझ्याइतकी होणार नाही, हेही मान्य.

थिएटरचं काय, असा प्रश्न उरतो. जमत असेल तर सगळ्यात वर तेच. त्यात वाद नाही. पण ते एकट्याच्या हातात नाही. इथे सानंद या आपल्या इंदुरातल्या मराठी संस्थेचं उदाहरण देतो. इंदुरात मुंबई-पुण्याची नाटकं वर्षानुवर्षं नियमाने होतात, कारण लोक वर्षाची वर्गणी आधी भरून मोकळे होतात. कुठलं नाटक येणार हे माहीत नसताना भरतात. एकच नाटक वेगवेगळ्या गटांसाठी पाठोपाठ होतं आणि नाट्यगृह भरलेलं असतं. तिकिटाला नाक मुरडणारे हेच आपण, नाटकाला आगाऊ पैसे देतो. सिनेमालाही हे करता येतं. आमच्या कॉलनीत आता मराठी सिनेमा लागतोय असं कळलं की गुरुवारीच कोणीतरी नावं गोळा करतं आणि शनिवारची तिकिटं एकदम काढतं. बायका पहिल्या शोला, नंतर बाहेरच जेवण. सकाळचा शो त्यांना सोयीचाच पडतो, हे मल्टिप्लेक्सवाल्याला ठाऊक होतं की काय कोण जाणे. कधी सोमवारी शो टिकतो, कधी नाही.

राहिलेल्यांसाठी वर्गणी. पण वर्षाची घेऊ नका आणि सगळ्या तर मुळीच नको. आमच्याकडे एका वेळी एकच ॲप असतं, महिन्याचं. थिएटरात हुकलेले सिनेमे कागदावर लिहून ठेवतो. तीन-चार एका ॲपवर जमले की तो महिना त्याचा. पुढच्या महिन्यात दुसरं, किंवा काहीच नाही, आई मग युट्यूबवर कीर्तनं ऐकते. एखादा सिनेमा कुठल्याच वर्गणीत नसेल तर भाड्याने मिळतो का पाहतो. बऱ्याच ठिकाणी घेतल्यापासून तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. मराठीची ती यादी अजून लहान आहे, पण चित्र आणि सबटायटल दोन्ही उत्तम.

पैसे भरण्याआधी एवढं करा. सिनेमाच्या पानावर भाषा आणि सबटायटलचा रकाना उघडून बघा, फुकट झलक असेल तर टीव्हीवर लावून बघा, कारण फोनवर दिसणाऱ्या ओळी काही जुन्या टीव्हींवर दिसत नाहीत. ओटीपी घरातल्याच माणसाच्या नंबरवर ठेवा. आणि वर्गणी घेतल्याघेतल्या यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटो-पे बंद करा. भरलेला महिना तरीही पूर्ण चालतो.